पाण्याला बांधलेला पासंग

चेतनाबेन बारोटांना रसायनशास्त्र येत नाही, हे शाळेत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक स्वतः चेतनाबेन, आणि दुसरे शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, प्रल्हादभाई, ज्यांनी हा विषय त्यांच्या गळ्यात बांधला होता.

"विज्ञानाचे मास्तर येईपर्यंत ओढा, बेन," प्रल्हादभाई म्हणाले होते. "पुस्तक आहेच की. वाचायचं आणि सांगायचं. बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार?"

मास्तर काही आले नाहीत. उत्तर गुजरातेतल्या त्या जिऱ्या-बडीशेपेच्या गावात यायचं म्हटलं की निवड झालेला माणूस आधी बदलीचा अर्ज लिहायला बसायचा. तीन वर्षं जागा रिकामीच होती, आणि यंदा दहावीचं विज्ञान चेतनाबेनवर येऊन पडलं. चेतनाबेन गुजरातीच्या एम.ए. होत्या. छंद, अलंकार, समास सगळे जिभेवर. त्या वर्गात दोहा म्हणायला लागल्या की शिपाई घंटा द्यायला विसरतो, असं गावात बोललं जायचं, आणि ते बोलणाऱ्यांत त्या स्वतःही असायच्या. असल्या बाईनं "मला येत नाही" म्हणायचं म्हणजे जीभच वळायची नाही. त्यांनी पुस्तक उचललं.

पहिली दोन प्रकरणं बोलण्यावर निभावली. तिसऱ्यात रासायनिक समीकरणं आली आणि गाडी अडली. बाणाच्या अलीकडे जेवढे अणू, तेवढेच पलीकडे झाले पाहिजेत, एवढं त्यांना कळलं. पण पुस्तकातले आकडे कधी अक्षरांच्या पुढे उभे, कधी अक्षरांच्या पायाशी बसलेले. कुठला आकडा कुठं आणि का, ते काही डोक्यात शिरेना. रविवारभर त्या ओसरीवर पुस्तक घेऊन बसल्या. नवऱ्यानं विचारलं, "काय, परीक्षा देताय की काय?" तर त्याच्यावर उखडल्या.

संध्याकाळी भाजी घ्यायला गेल्या आणि भाजीवाल्याच्या तराजूकडे बघताना एकदम सुचलं. समतोल! शब्द तर आपलाच आहे. तोल म्हणजे तराजू. आणि वर्गात तोलाटाची पोरगी आहे की! हंसा ठाकोर. तिचा बाप सोमाजी मार्केट यार्डात जिरं तोलायचा. वीस वर्षं काट्यापाशी उभा राहून त्याचा एक खांदा खाली गेला होता, आणि गावात म्हणायचे, सोमाजीचा काटा सरळ, सोमाजीच वाकडा.

दुसऱ्या दिवशी हंसा घरचा लहान तराजू घेऊन आली. बाकीची तेहतीस पोरं बाकांवर चढून बघायला लागली.

"सांग, तुझे बापू तोलायला कसं सुरू करतात?" चेतनाबेन म्हणाल्या.

"आधी धडा करतात," हंसा म्हणाली.

"कितवा धडा? मला तर पहिलाही येत नाही!" तिच्या शेजारची जशी नावाची पोरगी ओरडली, आणि सगळा वर्ग हसला.

हंसाही हसली. "पुस्तकातला नाही गं. हे बघ, पारडी रिकामी आहेत ना, तरी हे एक वर राहतंय. म्हणजे हलकं आहे. मग त्याच्या दोरीला असा एखादा खडा बांधायचा. पासंग. दोन्ही पारडी सारखी झाली की मगच माल घालायचा."

चेतनाबेनच्या अंगावर काटा आला, आनंदानं. इतकी सोपी गोष्ट आणि पुस्तकवाल्यांनी केवढा घोळ घातलाय! त्या फळ्याकडे वळल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, H₂ + O₂ → H₂O.

"डावीकडे ऑक्सिजन किती? दोन. उजवीकडे? एक. कुठलं पारडं हलकं?"

"उजवं!" वर्ग गरजला.

"मग काय करायचं?"

"पासंग!"

त्यांनी उजवीकडच्या O च्या पायाशी एक नाजूक दोन काढला. H₂O₂. "झाला समतोल! हलक्या बाजूला पासंग बांधा, काम फत्ते." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकात तो दोन पुढे दिसतो, त्याचं काय, असं एकानं विचारलं. "टिळा कपाळावर लावला काय नि गळ्याला लावला काय, देव तोच," चेतनाबेननी उत्तर दिलं. उत्तर इतकं छान वाटलं की त्या स्वतःच खूश झाल्या.

आठवड्याभरात पोरं समीकरणं चुटकीसरशी सोडवायला लागली. मॅग्नेशियम म्हणू नका, नायट्रोजन म्हणू नका, दिसला हलका की बांध पासंग. सहावीपासून प्रत्येक विषयात ढकलगाडी असलेली जशी, तिनं चाचणीत दहापैकी दहा मिळवले. तिच्या आईनं डबाभर गूळ-तुपाची सुखडी करून पाठवली. "बेन, माझी पोरगी पहिल्यांदा हसत घरी आली," असा निरोप होता. चेतनाबेननी सुखडी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाटली, आणि कशाबद्दल ते दोनदा सांगितलं.

एक दिवस तास संपता संपता हंसा उभी राहिली.

"बेन, एक विचारू?"

"विचार की."

"पासंग तर तराजूला बांधतात ना. मालात नाही घालत. जिऱ्यात खडा टाकला तर बापू त्याला जिरं म्हणणार नाहीत. आपण पाण्यातच ऑक्सिजन घातला. मग ते पाणी कुठं राहिलं?" ती बोलता बोलता थोडी अडखळली. "मला वाटतं, माल आहे तसाच ठेवायचा आणि गोण्या वाढवायच्या. दोन गोण्या पाणी. तो पुढचा दोन म्हणजे गोण्या असतील, बेन."

पोरगी बरोबर बोलते आहे, हे चेतनाबेनना त्याच क्षणी जाणवलं. पूर्ण कळलं नाही, पण जाणवलं. त्या जाणिवेचा त्यांना इतका राग आला की तो सरळ पोरीवर निघाला.

"वा! आता तोलाटाची पोर मला शिकवणार! एक काम कर, उद्यापासून यार्डात बापाशेजारी जाऊन बस. तिथं तुझ्या अकलेचं वजन तरी होईल!"

वर्ग खो खो हसला. जशीसुद्धा हसली. हंसा खाली बसली. तिनं तराजू पिशवीत घातला, पारडी वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ओढणीचं टोक धरून, आणि पुन्हा कधी तो वर्गात आणला नाही. प्रश्नही नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर चेतनाबेननी पुस्तक उघडलं. पुढचा दोन तिथं होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. तालुक्याच्या शाळेत नटुभाई सुथार विज्ञान शिकवायचे, अकरा किलोमीटरवर. एसटीनं अर्धा तास. जाऊन विचारलं असतं तर संपलं असतं. पण मग त्या नटुभाईंना कळलं असतं की बारोटबेनला काय येतं आणि काय नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि कढीला फोडणी घालायला उठल्या. महिने गेले. तो दोन अधूनमधून आठवायचा, मग त्या मोठ्यानं बोलायला लागायच्या.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. आसपासच्या सहा शाळा एकमेकींच्या उत्तरपत्रिका तपासायच्या, आणि या वेळी या शाळेचा विज्ञानाचा गठ्ठा नेमका नटुभाईंकडे गेला.

आठव्या दिवशी नटुभाई स्कूटरवरून आले. गठ्ठा कडेवरच्या मुलासारखा धरला होता. आचार्यांच्या खोलीत त्यांनी तो टेबलावर ठेवला. प्रल्हादभाईंनी चेतनाबेनना बोलावणं धाडलं.

"चहा नको," नटुभाई म्हणाले. "आधी हे बघा. चौथा प्रश्न, चार समीकरणं. चौतीसच्या चौतीस पोरांची चारही चुकली."

"अवघड असतील," प्रल्हादभाई म्हणाले.

"चुकली त्याचं काही नाही, साहेब. माझ्या वर्गातही चुकतात. पण दर पोर आपापल्या पद्धतीनं चुकतं. इथं चौतीस जणांची एकच चूक, अक्षराला अक्षर. पाण्याच्या जागी सगळ्यांनी जखम धुवायचं औषध बनवून ठेवलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड. ज्याला फेस येतो ना, ते. तहानलेल्याला पाजलं तर दवाखान्यात न्यावं लागेल!" ते हसले नाहीत. "सारखी चूक म्हणजे नक्कल. सामूहिक. मला हे जिल्ह्याला कळवणं भाग आहे. आणि सुरुवात ज्याच्यापासून झाली, त्याचा बोर्डाचा फॉर्म अडेल."

चेतनाबेन दाराशीच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं. पहिल्याच वाक्याला कळलं. तोंड उघडायचं आणि एक ओळ बोलायची, एवढंच होतं: नक्कल नाही, मीच असं शिकवलं. ओळ तयार होती. पण नटुभाई समोर बसले होते, प्रल्हादभाई बघत होते, शिपाई दारात चहाचे कप घेऊन घुटमळत होता, आणि शब्दांवर जगणारी ती बाई नुसती भिंतीला टेकली.

"सुरुवात कुणापासून?" प्रल्हादभाईंनी विचारलं. ते विचारताना चेतनाबेनकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

नटुभाईंनी गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका काढली. "माझा संशय हिच्यावर. हंसा सोमाजी ठाकोर. बाकी पेपर उत्तम आहे, पंच्याऐंशी गुण पडतात. आणि हे बघा गंमत. समासात कच्चं काम केलंय."

चेतनाबेननी वाकून पाहिलं. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत, चारही समीकरणं लिहिलेली होती. 2H₂ + O₂ → 2H₂O. आकडे पुढे. चारही बरोबर, हे नटुभाईंनी सांगायची गरज नव्हती. आणि चारींवरही एकेक सरळ रेघ मारलेली. खाली शाईनं, सुवाच्य, पासंग बांधलेली उत्तरं.

"हिला येतंय," नटुभाई म्हणाले. "येत असून चुकीचं लिहिलं आणि वर्गाला उतरवून दिलं. ही चेष्टा आहे, साहेब. बोलवा तिला."

हंसा आली. खोलीत तीन मोठी माणसं आणि टेबलावर आपला पेपर बघून ती दारापाशीच थांबली.

"ये आत," नटुभाई म्हणाले. "हे कच्चं काम तुझंच?"

"हो, साहेब."

"बरोबर आलेलं उत्तर खोडलंस का?"

नटुभाई उत्तरासाठी थांबले नाहीत.

"हे चुकीचं उत्तर वर्गाला कुणी दिलं?"

हंसानं मान वर केली. चेतनाबेनकडे पाहिलं, फार वेळ नाही. त्या नजरेत राग असता तर चेतनाबेनना बरं वाटलं असतं. राग नव्हता. आपल्या घरच्या माणसाचा पदर चारचौघांत सुटलेला दिसावा आणि आपण पटकन पुढं होऊन उभं राहावं, तशी ती पोरगी उभी राहिली.

"मी दिलं, साहेब," ती म्हणाली. "सगळ्यांनी माझंच उतरवलं."

"तेहतीस जणांनी?"

"हो."

"आणि खरं उत्तर तुला येत होतं, तर बेनना का नाही सांगितलंस? एवढं चांगलं येतंय, तर वर्गात सांगायचं ना!"

"सांगितलं होतं..." हंसा म्हणाली, आणि थांबली. तिचा चेहरा लालबुंद झाला. "नाही. नाही सांगितलं. चुकलं माझं."

नटुभाईंनी जिल्ह्याला पाठवायचा कोरा अहवाल पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "नाव पूर्ण सांग. हंसा सोमाजी..."

"थांबा," चेतनाबेन म्हणाल्या.

आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "लिहू नका. तिनं कुणाला काही दिलं नाही. मी शिकवलंय असं. फळ्यावर, सगळ्यांना. खाली आकडा लावायचा, म्हणून. मला येत नाही हा विषय. हिनं सांगितलं होतं मला, भर वर्गात, आणि मी... मी तिचा बाप काढला."

शिपायानं चहाचे कप आवाज न करता टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला, म्हणजे सुटीपर्यंत हे गावभर होणार हे ठरलं. चेतनाबेनना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना एकच गोष्ट खात होती. आपण बोललो खरं, पण ही पोर खोटं बोलून झाल्यावर बोललो. एका सोळा वर्षांच्या मुलीनं आपल्यासाठी स्वतःचं वर्ष पणाला लावेपर्यंत आपण भिंतीला टेकून ऐकत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

नटुभाईंनी टोपण परत लावलं.

"पाव तास झाला मला येऊन, बेन," एवढंच ते म्हणाले.

मग कोरा अहवाल घडी करून त्यांनी खिशात घातला. बोर्डाला सात आठवडे होते. दर शनिवारी दुपारी येऊन आपण वर्ग घेऊ, असं त्यांनी प्रल्हादभाईंना सांगितलं. प्रल्हादभाई मान डोलावत होते, डोलावतच होते. विषय कुणी कुणाच्या गळ्यात बांधला होता, ते त्यांनाही आठवत असावं. जाताना नटुभाई दारात थांबले. "शनिवारला अजून चार दिवस आहेत. तोवर पोरांना चुकीचंच घोळवत बसू नका. ही पोरगी आहे तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी पहिलाच तास दहावीचा होता. चेतनाबेन रात्रीपासून वाक्यं जुळवत होत्या. जुळवलेल्यांपैकी एकही कामी आलं नाही.

"समीकरणं मी तुम्हाला चुकीची शिकवली," त्या म्हणाल्या. "सगळी. जूनपासून. हंसानं सांगितलं होतं ते बरोबर होतं. मला येत नव्हतं आणि मी तिला वाटेल ते बोलले. तुम्ही हसलात, ते माझ्यामुळं हसलात."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शिपायाच्या कृपेनं सगळ्यांना आधीच माहीत होतं, तरी बेनच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. पुढच्या बाकावर जशी वही उघडून बसली होती. तिच्या वहीत पानंच्या पानं समीकरणं होती, प्रत्येकाखाली लाल शाईत चेतनाबेनची खूण, आणि कुठं कुठं 'शाब्बास'.

"म्हणजे बेन," जशीनं हळूच विचारलं, "मला येत नव्हतंच?"

तिला रागावायचं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. चेतनाबेननी उत्तर शोधलं. येत होतं, जे शिकवलं ते तुला येत होतं, असं म्हणता आलं असतं. पण ते पुन्हा एक छान वाक्य झालं असतं. "नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. जशीनं वही मिटून दप्तरात ठेवली, आणि तिच्या आईच्या सुखडीची चव चेतनाबेनच्या तोंडात कडू झाली.

"हंसा," त्या म्हणाल्या आणि खडू पुढे केला. "ये. तू शिकव सगळ्यांना. मीही बसते."

हंसा उठली, पण बाकाबाहेर आली नाही. मागच्या बाकांवरून कुणीतरी खुसखुसलं. शिक्षिका बाकावर आणि तोलाटाची पोर फळ्यापाशी, हे दृश्य पोरांना दिसायलाच लागलं होतं. हंसानं मागे वळून बघितलं आणि ते खुसखुसणं थांबलं.

"फळ्यावर तुम्हीच लिहा, बेन," ती म्हणाली. "मी इथून सांगते."

चेतनाबेनना वाटलं, हिनं त्या दिवसाचा सूड घेतला असता तर सोसलं असतं. एखादं खोचक बोलली असती तर डोळे मिटून ऐकलं असतं. हे सोसवत नव्हतं. डोळे भरून आले, ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या फळ्याकडे वळल्या, पण खांदे सगळ्या वर्गाला दिसत होते.

"आधी पाण्याचं घ्या," मागून हंसाचा आवाज आला. "H₂O ला हात लावायचा नाही. ते आहे तसंच राहू द्या. आता त्याच्या पुढे..."

खडू फळ्यावर टेकला आणि तिथंच थांबला.

"हळू सांग गं," चेतनाबेन म्हणाल्या. "मला लगेच समजत नाही."